सड्याच्या आईचे केस

फार पूर्वी एका सड्यावर एक पुजारी राहायचा, आणि त्याच्याशिवाय तिथे दुसरं कोणीच राहायचं नाही. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. खाली काळा कातळ, वर बोटभर माती, आणि त्या मातीत जेमतेम गुडघ्याला लागतील अशी खुरटी झुडपं. पाण्याला कातळात खोदलेलं एक टाकं होतं. सावलीला देवळाची एक भिंत होती. वारा मात्र हवा तेवढा. अशा जागी देवीने का राहावं हे तिचं तिलाच ठाऊक, पण ती राहायची. तिला सगळे सड्याची आई म्हणत.

ही आई म्हणजे एक ओबडधोबड उभा दगड होता. त्याला चांदीचे दोन डोळे बसवलेले होते, बाकी काही नाही. पण वर्षातून एक दिवस तिला केस यायचे. पावसाळा सरला की सड्यावरच्या झुडपांवर तांबूस दोरे चढलेले दिसायचे. शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक, एकमेकांत गुंतलेले, आणि मार्गशीर्ष लागला की त्यांवर मोहरीएवढी पांढरी फुलं. जवळ गेलं की मधासारखा वास यायचा. या वेलीला पान नव्हतं आणि जमिनीत मूळही नव्हतं. झुडपाला विळखा घालायचा, त्याचाच रस प्यायचा आणि त्याच्याच अंगावर फुलायचं, असा तिचा संसार. लोक तिला देवीचे केस म्हणत.

मार्गशीर्षातल्या पुनवेला खालचं सगळं गाव चढून वर यायचं. पुजारी त्या केसांचा मोठा अंबाडा करून आईच्या डोक्यावर चढवायचा, ढोल वाजायचा, आणि जत्रा भरायची. बायका आईला न्याहाळून म्हणायच्या की यंदा केस दाट आहेत, म्हणजे वर्ष बरं जाणार. पोरं पुजाऱ्याच्या खांद्यावर चढायची. म्हातारे त्याला गुडघ्याचं दुखणं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधी आपलं सांगायला लागायचे. संध्याकाळी सगळे खाली उतरले की पुजारी पायऱ्यांवर बसून दिवसभरातली एकेक गोष्ट पुन्हा आठवायचा. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. ती एक जत्रा त्याला वर्षभर पुरवायची असे. ती पुरायची नाही, हे तो कोणाला सांगत नसे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुजारी ती कधीच सांगायचा नाही. दर वैशाखात सड्यावर एक धनगर यायचा. मायाप्पा त्याचं नाव. बायको तायाक्का, एक घोडं, दोन कुत्री आणि मेंढरांचा मोठा कळप. कोकणातून देशावर परत जाताना ही मंडळी सड्यावर थांबायची आणि पाऊस लागायच्या बेतात पुढे निघायची. तायाक्का पुजाऱ्याला रोज वाटीभर दूध द्यायची. त्याची फाटकी घोंगडी शिवून द्यायची. संध्याकाळी मायाप्पा देवळाच्या भिंतीला टेकून मुलखातल्या बातम्या सांगायचा. पुजारी दूध प्यायचा, बातम्या ऐकायचा, आणि मेंढरांचा वास येतो म्हणून नाक मुरडायचा. त्याच्या हिशेबात ही माणसं धरलेलीच नव्हती. जत्रेला येतात ती माणसं, आणि हे आपले वाटेवरचे.

मग एका वर्षी पाऊस कमी झाला. झुडपांवर केस आले ते विरळ. पुजाऱ्याने सगळा सडा पालथा घातला, तरी अंबाडा लिंबाएवढाच झाला. जत्रेत कुजबुज सुरू झाली. आई म्हातारी झाली, कोणी म्हणालं. पाटील जाता जाता सहज बोलून गेला की चढ चढून यायचं आणि आईचं टक्कल बघायचं, त्यापेक्षा पुढच्या खेपेला जत्रा खालीच भरवू. तो हसत हसत बोलला होता. पुजाऱ्याला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. जत्रा खाली गेली तर इथे कोण येणार?

वैशाखात मायाप्पाचा कळप आला. पुजारी आता केसांवर डोळा ठेवून होता. आणि एके दिवशी त्याने पाहिलं की एक मेंढी झुडपाचे कोवळे शेंडे खुडते आहे, आणि तिच्या तोंडातून मागल्या हंगामातला एक वाळका दोरा लोंबतो आहे. झालं. चोर सापडला. पुजाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काठी घेऊन तो मेंढरांत घुसला आणि तोंडाला येईल ते बोलत सुटला.

"बांडगुळं आहात तुम्ही," तो मायाप्पाला म्हणाला. "माझ्या आईच्या सड्यावर फुकट चरता आणि तिचेच केस खाता. उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही."

मायाप्पाचा चेहरा उतरला. तो भांडला नाही. त्याचा बापही याच टाक्याचं पाणी प्यायला होता, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. कुत्र्यांना हाक मारून तो कळप गोळा करायला लागला. तायाक्काने चुलीचे दगड विस्कटले, घोड्यावर बोचकी लादली, आणि निघताना फक्त एकदा मागे वळली.

"बाबा, एक इचारू का?" ती म्हणाली. "आमी फुकटं खातो म्हनता. मग तुमचं ह्ये केस तरी कुनाचं खात्यात?"

उद्धट बाई, असं म्हणून पुजारी देवळात गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने सड्याभोवती गडगा घालायला घेतला. गडगा म्हणजे दगडावर दगड रचलेली, चुन्यामातीशिवायची भिंत. गावातले काही जण एक दिवस मदतीला आले, घाम पुसून निघून गेले. बाकीची भिंत त्याने एकट्याने रचली. बोटं चेचली, कंबर धरली, पण मेंढरू उडी मारून येणार नाही एवढी उंची त्याने गाठलीच.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, आणि केस असे आले की विचारू नका. झुडपं दिसेनाशी झाली. सगळा सडा तांबूस, वर पांढऱ्या फुलांचा शिडकावा. अंबाडा इतका मोठा झाला की आईच्या डोळ्यांवर उतरला आणि तो बाजूला सारावा लागला. पाटलाने पुजाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. पुजारी भिंतीकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत सुटला की बघा, मेंढरं हाकलली आणि आईला केस आले. लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी तुम्ही-मी तिथे असतो तर आपणही मान डोलावली असती.

दुसऱ्या वर्षी केस कमी आले. पुजाऱ्याला वाटलं, रात्री कुठली तरी जनावरं उडी मारून येत असतील. त्याने भिंत हातभर उंच केली. तिसऱ्या वर्षी आणखी कमी. भिंत आणखी उंच. आता आतली झुडपं छातीला लागत होती, खोडं मनगटाएवढी झाली होती आणि त्यांची साल खडबडीत झाली होती. मधल्या मोकळ्या मातीवर गवत माजलं होतं, इतकं की पाऊल टाकलं तर जमीन लागायची नाही. पुजाऱ्याला ते हिरवंगार पाहून बरंच वाटायचं. आईचं रान कसं भरलंय, तो स्वतःशीच म्हणायचा.

चौथ्या वर्षी एकही केस आला नाही.

पुनवेला गाव वर चढून आलं आणि आईचं नुसतं दगडी डोकं बघून उभं राहिलं. कोणी पुजाऱ्याला रागावलं नाही. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ढोल वाजलाच नाही, आणि ऊन तापायच्या आत सगळे खाली उतरले. पुढच्या वर्षी गावाने वेशीजवळ एक दगड शेंदूर लावून उभा केला, अंबाडीचे दोरे तांबड्या रंगात बुडवून त्याला केस लावले आणि जत्रा तिथेच भरवली. पुजाऱ्याला निरोप आला होता, खालीच येऊन राहा, एक खोली देतो. तो गेला नाही. आई वर असताना मी खाली कसा जाऊ, त्याने उलटा निरोप धाडला. त्यानंतर निरोपही आले नाहीत.

एकटा माणूस किती एकटा असू शकतो, हे पुजाऱ्याला तेव्हा कळलं. पूर्वी तो वर्षभर जत्रेची वाट बघायचा. आता वाट बघायला काही उरलं नाही. सकाळी तो घंटा वाजवायचा, ती ऐकायला कोणी नसायचं. कधी कधी आठवडा जायचा आणि त्याच्या ध्यानात यायचं की आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग तो उगाच मोठ्याने आईचं नाव घ्यायचा आणि आपलाच घोगरा आवाज ऐकून दचकायचा. वैशाख आला की त्याचे कान आपोआप घाटाकडे लागायचे. तिथून काहीच ऐकू यायचं नाही. एकदा त्याने दुधाची रिकामी वाटी घासून पुसून पायरीवर ठेवली, मग स्वतःचीच लाज वाटून आत नेली.

पाऊस लागल्यावर एके दिवशी, दुसरं काही काम नव्हतं म्हणून, तो गवतात बसून जमीन बघत होता. आणि त्याला एक केस दिसला. मातीतून नुकताच वर आलेला, सुईएवढा. त्याचा जीव हरखला. म्हणजे बी अजून मातीत होतं. तो केस हवेत डोकं हलवत होता, हळूहळू, कोणाचा हात शोधावा तसा. पुजारी तिथेच बसून राहिला. केस गवताच्या पात्याला लागला आणि सुटला. मग शेजारच्या झुडपाच्या खोडाला लागला, पण त्या जाड सालीत त्याला शिरता येईना. कोवळा कोंब लागला असता तर त्याने धरला असता. कोवळे कोंब होते, पण ते पार वर, छातीच्या उंचीवर, जिथे तो पोचणार नव्हता. दोन दिवस तो शोधत राहिला. तिसऱ्या दिवशी पुजारी गेला तेव्हा तो मातीवर आडवा पडून वाळला होता.

आजूबाजूला बघितलं तर असे कितीतरी होते.

तेव्हा त्याला तायाक्काचा प्रश्न आठवला. केस झुडपाचं खातात. आणि झुडूप? मेंढरं त्याचे शेंडे खुडायची, म्हणून ते खुजं राहायचं आणि बुडापासून पुन्हा पुन्हा कोवळं फुटायचं. मेंढरांचे खूर मातीवरचं गवत तुडवायचे, म्हणून केसाला उगवायला मोकळी जागा मिळायची. हाकलल्यानंतरच्या पहिल्या वर्षी सडा फुलला होता तो भिंतीमुळे नव्हे. मेंढरं आधीच्या वैशाखापर्यंत चरून गेली होती, त्या चरण्यावर फुलला होता. ज्यांना आपण फुकटे म्हणालो त्यांच्याच जिवावर आई आणि आपणही इतकी वर्षं नटत होतो, हे पुजाऱ्याला कळलं आणि तो भर पावसात तिथेच बसून रडला.

त्याने स्वतः कोयता घेऊन झुडपं छाटून पाहिली. पण मेंढी शेंडा खुडते, माणूस फांदी तोडतो. निम्मी झुडपं वाळून गेली.

मग पुढच्या वैशाखात त्याने देवळाला कडी घातली आणि मायाप्पाला शोधत निघाला. विचारत विचारत तो डोंगरामागून डोंगर चालला, आणि शेवटी एका दूरच्या सड्यावर पोचला. भर दुपार होती. मेंढरं डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून बसली होती, मायाप्पा आणि तायाक्का पालाच्या सावलीत पडले होते. आणि झुडपांवर, खुज्या कोवळ्या झुडपांवर, मागल्या हंगामातले वाळके केस लटकत होते. प्रत्येक गाठीत बी भरलेलं.

पुजाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी जागं नव्हतं. त्याच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीभर बी घेऊन निघून गेलं तर कोणाची माफी मागायला नको, मान खाली घालायला नको. कुत्रीसुद्धा झोपली होती. त्याने केस ओरबाडले, पिशवी भरली आणि पाठ फिरवली. काही पावलं गेलासुद्धा.

मग तो थांबला. बी तर आपल्याकडेही आहे, त्याला वाटलं. मातीत पडून आहे, दर पावसाळ्यात उगवतं आणि धरायला कोणी मिळत नाही म्हणून मरतं. इतकं डोळ्यांनी बघूनही मी पुन्हा बीच घेऊन चाललो आहे. त्याने पिशवी तिथल्या मातीवर उलटी केली, पालाजवळ गेला आणि मोठ्याने हाक मारली.

तायाक्का उठून बसली. तिने त्याला ओळखलं. तांब्याभर पाणी दिलं. पुजारी उभ्यानेच म्हणाला, "मायाप्पा, मी चुकलो. भिंत पाडतो. परत या."

मायाप्पा उठून बसला आणि त्याने कळपाकडे पाहिलं.

"बाबा, राग व्हता त्यो कवाच गेला," तो म्हणाला. "पर आता यायचं कसं? मेंढराला वाट आईच्या मागनं चालून कळती. तुमच्या सड्याची वाट ठावी व्हती त्या म्हाताऱ्या मेंढ्या मेल्या. ही समदी त्यांच्या माघारी वाढल्याली. ह्यास्नी तिकडं हाकलून नेली तरी मधल्या खिंडीत बुजत्यात आन् दरीत उड्या टाकत्यात. एक दोन बारीला करून बघितलंय मी."

म्हणजे तो यायला बघत होता. पुजाऱ्याला हे ऐकून आणखीच वाईट वाटलं. दगडाची भिंत पाडता येते, पण वाट मेंढ्यांच्या डोक्यातून गेली होती, ती कुठून आणणार? तो खाली बसला.

"मग मी पुढे चालतो," तो शेवटी म्हणाला. "मला वाट माहीत आहे."

मायाप्पाला हसू आलं. तायाक्का हसली नाही. तिने बोचक्यातून म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यातली घंटा काढली आणि पुजाऱ्याच्या काठीला बांधली. "आवाज थांबू द्यू नगा," ती म्हणाली, "आन् मागं वळून बघू नगा. म्होरकी मेंढी बघत न्हाय."

आणि असा तो पुजारी मेंढरांची म्होरकी होऊन निघाला. इतकी वर्षं त्याने वाजवलेल्या घंटेला कोणी आलं नव्हतं. आता तो काठी आपटत चालायचा, घंटा खणखणायची, आणि मागून शेकडो खुरांचा आवाज यायचा. खिंडीत वारा घोंगावत होता. कळप थबकला, ते त्याला ऐकूनच कळलं. त्याला मागे वळायचा फार मोह झाला. तो वळला नाही, घंटा वाजवत पुढेच गेला, आणि थोड्या वेळाने खूर पुन्हा वाजू लागले.

सड्यावर पोचल्यावर भिंत आडवी आली. पुजाऱ्याने दगड काढायला सुरुवात केली. मायाप्पा बाजूला बसून बघत होता. बांधणाऱ्यानेच पाडावी, असं त्याला वाटत असावं. पण म्हाताऱ्याची कंबर वाकेना तेव्हा तोही उठला, आणि दोघांनी मिळून बैलगाडी जाईल एवढं खिंडार पाडलं. मेंढरं आत शिरली. त्यांनी वाढलेली झुडपं चघळली, गवत तुडवलं, पाऊस लागेपर्यंत राहिली आणि निघून गेली. जाताना मायाप्पा पुन्हा येतो असं म्हणाला नाही. एकदा चालून मेंढरांना वाट कळते की नाही, ते मेंढरांवरच, एवढंच म्हणाला. घंटा पुजाऱ्याकडेच राहिली.

त्या पावसाळ्यात कितीतरी केस उगवले आणि वाळले. झुडपं एका वर्षात खुजी होत नाहीत. फक्त खिंडाराजवळ, जिथे सगळा कळप खुरांनी माती उकरून गेला होता, तिथे एका लहान झुडपाचा कोंब एका केसाने धरला. मार्गशीर्षात त्याला चार-दोन फुलं आली.

पुनवेच्या दिवशी खालून ढोल ऐकू येत होते. पुजारी त्या झुडपाशी गेला, वास घेतला आणि रिकाम्या हाताने देवळात परतला. आईसमोर बसून म्हणाला, "यंदा अशीच राहा, आई. आहे तो एक, त्याचं बी पडू दे." दिवसभर कोणी आलं नाही. संध्याकाळी ढोल थांबले आणि मग वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. त्याने गेल्या वैशाखातल्या गोष्टी एकेक करून आठवल्या. त्या पुष्कळ होत्या.

वैशाख आला. पुजारी घंटा बांधलेली काठी घेऊन खिंडाराशी उभा राहू लागला. गुडघे आता घाट उतरू देत नव्हते, नाहीतर तो समोर गेला असता. महिना सरत आला. ढग दिसायला लागले. आज आले नाहीत तर या वर्षी येणार नाहीत, असं म्हणत त्याने तेही दिवस काढले.

मग एका दुपारी खिंडीच्या बाजूने धूळ उठली. तो डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. कळप येत होता. पुढे मायाप्पा नव्हता, कुत्री नव्हती, घंटाही नव्हती. पुढे एक तरणी मेंढी होती, जी गेल्या वर्षी त्याच्या मागून आपल्या आईला चिकटून चालली होती. ती मान खाली घालून, कुठेही न थबकता, सरळ खिंडाराकडे येत होती, आणि बाकीची तिच्या मागून.

पुजाऱ्याने काठीची घंटा सोडली आणि देवळात आईच्या पायाशी नेऊन ठेवली. मग त्याने दुधाची वाटी घासायला घेतली.

आता तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जे जपायचं ते कोणाच्या आधाराने जगतं हे आधी बघावं. त्या आधाराला परकं म्हणून बाहेर काढलं, की भिंत तेवढी उभी राहते आणि आत आपण एकटे उरतो.